रागातला शब्द आणि त्याचा हिशोब

माझे अब्बा मदरशात फिक्ह, म्हणजे इस्लामचं कायदेशास्त्र, शिकवायचे. मी तालुक्याच्या गावी समुपदेशनाचं काम करते. त्यांच्यापुढे किताबं असायची, माझ्यापुढे माणसं असतात. पण एका प्रश्नापाशी आमच्या दोघांच्या वाटा एकत्र येतात. भांडणात नवरा नको ते बोलून गेला, आता काय? रात्री उशिरा फोन वाजला की बहुधा हाच प्रश्न असतो. कधी मुलीच्या आईचा फोन, कधी कुवेतला नोकरीला असलेल्या नवऱ्याचा, कधी खुद्द तिचा. मी मुफ्ती नाही, फतवा देत नाही. पण फतवा मागायला जाण्याआधी आणि तो हातात पडल्यानंतर घरात काय चालतं, ते मी जवळून पाहिलं आहे. त्यातून जे उमजत गेलं, ते जसं आठवेल तसं सांगते.

१. नवरा आणि बायको वेगवेगळे प्रश्न घेऊन येतात. त्याला विचारायचं असतं, 'रागात बोललो, तलाक पडला का?' उत्तर हो किंवा नाही एवढंच हवं असतं, आणि बहुतेक वेळा 'नाही' असंच हवं असतं. तिचा प्रश्न लांबलचक असतो. आज रात्री मी ह्याच खोलीत झोपू का? झोपले तर गुनाह कोणाच्या माथी? मुलांना काय सांगू? आणि उद्या हा पुन्हा तेच बोलला तर? पहिल्या प्रश्नाचा ऊहापोह करणाऱ्या किताबांनी कपाटं भरली आहेत. दुसरा प्रश्न त्यांत नाहीच, असं लोक धरून चालतात. तो आहे, आणि तोच आधीचा आहे. अब्बांनी मला तो दाखवला, तेव्हापासून मी हे सगळे नियम तिच्या बाजूला बसून वाचत आले.

२. राग म्हणजे एकच अवस्था नव्हे, हे शास्त्रकारांनी फार पूर्वी ओळखलं होतं. चौदाव्या शतकात दमास्कसला होऊन गेलेल्या इब्न अल-कय्यिम यांनी रागात दिलेल्या तलाकवर एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला. त्यात त्यांनी रागाच्या तीन पायऱ्या सांगितल्या. पहिली, राग आला आहे पण आपण काय बोलतो हे माणसाला पुरतं समजतं आहे. हा तलाक लागू होतो. शेवटची, भान इतकं सुटलं की तोंडातून काय गेलं हे त्याचं त्याला ठाऊक नाही. हा लागू होत नाही. ह्या दोन्ही बाबतींत फारसा वाद नाही. वाद आहे तो मधल्या पायरीचा. भान आहे, पण ताबा नाही. शब्द कळतो आहे, पण रागाने ढकलला म्हणून तो बाहेर पडला, एरवी पडला नसता. इब्न अल-कय्यिम यांचा कल हा तलाक न धरण्याकडे होता. पुढे एकोणिसाव्या शतकात त्याच शहरातल्या इब्न आबिदीन ह्या हनफी पंडितांनी लिहिलं, की शुद्ध पूर्णच हरपली पाहिजे असं नाही. बोलण्यावागण्यात नेहमीपेक्षा वेगळा गोंधळ वरचढ झालेला दिसला, तरी त्या वेळच्या शब्दाला धरू नये.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला फार हायसं वाटलं. माणसाच्या दुबळेपणाकडे इतक्या बारकाईने पाहणारं शास्त्र आपलं आहे, ह्याचा अभिमान वाटला, आजही वाटतो. पण समोर बसलेला जवळजवळ प्रत्येक पुरुष शेवटच्या पायरीवर उभं असल्याचं सांगतो, हे काम करताना दिसलं. 'मला काही आठवतच नाही, मॅडम.' मग मी तिला विचारते. बोलताना त्यांच्या हातात फोन होता का? तो आपटला, की नीट बाजूला ठेवला? शेजारी दारात आले तेव्हा आवाज खाली आला का? दुकानात गिऱ्हाइकावर असाच राग येतो तेव्हा ते काय करतात? ह्या प्रश्नांची उत्तरं ऐकून नवराच मान खाली घालतो, आणि आपण कोणत्या पायरीवर होतो ते त्याला कोणी सांगावं लागत नाही. जुने मुफ्ती म्हणायचे, खुशीत तलाक देतो कोण? ते अगदी खरं आहे. रागाची सवलत सरसकट दिली, तर तलाकला काही अर्थच उरणार नाही. आणि अजिबात दिली नाही, तर एका बेभान क्षणापायी घरं बसतील. ह्या दोन्हींच्या मधली ती अरुंद जागा शोधायला ज्यांनी आयुष्यं घालवली, त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदर आहे. ती जागा नवऱ्याच्या एकट्याच्या सांगण्यावरून ठरवू नये, एवढंच माझं मागणं.

३. 'इस्लाम काय म्हणतो?' ह्या प्रश्नाचं उत्तर घाटाखाली आणि घाटावर वेगळं येऊ शकतं, ह्याने मी चकित झाले होते. आम्ही कोकणी मुसलमान शाफई. घाट चढून वर गेलं की बहुतेक लोक हनफी. माझं सासर सोलापूरचं, त्यामुळे एकाच घरात दोन मजहब, म्हणजे फिक्हच्या दोन परंपरा, नांदतात. 'तलाक' हा स्पष्ट शब्द शुद्धीत उच्चारला, तर दोघांच्याही मते नियत विचारली जात नाही. पण 'निघून जा माहेरी', 'आजपासून तुझामाझा संबंध संपला' अशी आडवळणाची वाक्यं असतात, त्यांना किनाया म्हणतात. शाफईंकडे तिथे बोलणाऱ्याच्या मनात तलाक होता का, हेच पाहतात, मग तो कितीही चिडलेला असो. हनफींकडे काही शब्दांच्या बाबतीत भांडणाचा प्रसंगच त्याच्या मनाचा पुरावा धरला जातो. म्हणजे तेच वाक्य, तोच राग, आणि दापोलीत निकाल एक, सोलापुरात दुसरा होऊ शकतो. जबरदस्तीने वदवून घेतलेला तलाक हनफी धरतात, शाफई धरत नाहीत. एका दमात तीनदा म्हटलं तर दोघेही तीन मोजतात. अहले हदीसवाले एक मोजतात. मुंबईतल्या शिया कुटुंबांत तर दोन सचोटीचे साक्षीदार हजर नसतील तर तलाक होतच नाही, त्यामुळे स्वयंपाकघरात ओरडून म्हटलेल्या शब्दाचा तिथे प्रश्नच मिटतो.

ह्या वैविध्याला अब्बा रहमत म्हणायचे, आणि मीही म्हणते. पण त्यातली एक गोष्ट मला बोचते. एका मुफ्तींकडून मनासारखं उत्तर आलं नाही की दुसऱ्यांकडे जायचं, तिसऱ्यांकडे जायचं, हे पुरुषाला जमतं. तो मोटारसायकल काढतो आणि जातो. ज्या उत्तरावर तिला उरलेलं आयुष्य झोपायचं-उठायचं आहे, ते तिच्या मनाला पटलं का, हे कोणी विचारत नाही. फतवा घेताना तिचं म्हणणंही ऐकून घ्या, असा आग्रह मी धरते. काही मुफ्तीसाहेब लगेच कबूल करतात, पडद्याआडून का होईना तिला स्वतंत्रपणे विचारतात: नेमके कोणते शब्द होते, किती वेळा, त्याआधी काय चाललं होतं. तेव्हा कथा बरेचदा बदलते.

४. रागात बोललेल्या नवऱ्याच्या शब्दावर पहिली तक्रार एका बाईने केली होती, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे. मदीनेतल्या खौला बिन्त सालबा. त्यांचे पती औस बिन सामित वय झालेले, तापट. एकदा चिडून ते म्हणाले, की तू मला माझ्या आईच्या पाठीसारखी आहेस. इस्लामपूर्व अरबांची ही रीत होती, तिला जिहार म्हणत. ते म्हटलं की बायको नवऱ्याला निषिद्ध व्हायची, आणि मोकळीही व्हायची नाही. थोड्या वेळाने औस निवळले आणि काही झालंच नाही अशा रीतीने जवळ आले. खौलांनी त्यांना थांबवलं. त्या उठल्या आणि थेट प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे गेल्या.

ह्या थांबवण्यापाशी मी नेहमी थबकते. त्या गप्प बसल्या असत्या तर त्या दिवसापुरतं घर शांत झालं असतं. आपल्या बायका हेच करतात. राग उतरला ना, मग कशाला विषय उकरा. खौलांनी विषय उकरला. आपलं तारुण्य ह्या माणसाच्या संसारात गेलं, मुलं लहान आहेत, आणि आता वय झाल्यावर हा मला असं बोलतो, हे त्यांनी प्रेषितांसमोर मांडलं. पहिल्यांदा मनासारखं उत्तर मिळालं नाही, तरी त्या हुज्जत घालत राहिल्या. मग कुरआनचा अठ्ठावन्नावा अध्याय उतरला. त्याला नावच ह्या वाद घालणाऱ्या बाईवरून मिळालं आहे, आणि त्याची सुरुवात तिची तक्रार अल्लाहने ऐकली आहे, ह्या ग्वाहीने होते. असं म्हणणाऱ्या पुरुषाचे शब्द वाईट आणि खोटे ठरवले गेले. आई तीच, जिने जन्म दिला. आणि बोललेलं मागे घेऊन संसार करायचा, तर जवळ जाण्याआधी कफ्फारा, म्हणजे प्रायश्चित्त: गुलाम मुक्त करावा, ते जमत नसेल तर सलग दोन महिने रोजे, तेही झेपत नसतील तर साठ गरिबांना जेवण.

औसांकडे गुलाम नव्हता, रोज्यांची ताकद नव्हती, साठ जणांना घालायला धान्यही नव्हतं. हदीसमध्ये येतं, की प्रेषितांनी खजुरांची एक टोपली देऊ केली, आणि खौला म्हणाल्या, दुसरी मी देते. म्हणजे त्याच्या जिभेच्या दंडातला अर्धा वाटा तिनेच उचलला. ह्या तपशिलाकडे मी अनेक वर्षं दोन्ही नजरांनी पाहते आहे. एका नजरेला त्यात प्रेम दिसतं. दुसऱ्या नजरेला आजच्या कितीतरी बायका दिसतात, ज्या नवऱ्याच्या शब्दाची भरपाई स्वतःच्या पदरातून करतात. फरक एवढाच, की खौलांनी आधी दाद मागितली, ती मिळाली, आणि मग मदत केली. पुढे खलिफा उमर यांना वाटेत अडवून ह्याच वृद्ध खौलांनी चार गोष्टी सुनावल्या आणि उमर उभे राहून ऐकत होते, अशीही हकीकत सांगतात. मदरशात हा अध्याय पाठ करणाऱ्या मुलांना ही बाई कोण होती हे आवर्जून सांगावं, असं मला मनापासून वाटतं.

५. रागाच्या सगळ्या नियमांचा रोख एकाच गोष्टीवर आहे: वेळ मिळवण्यावर. उभा असलास तर बस, तरी राग गेला नाही तर आडवा हो, वजू कर, गप्प राहा, ही प्रेषितांची शिकवण मुलांनाही ठाऊक असते. पण तलाकचा विधीही त्याच घडणीचा आहे, हे मोठ्यांच्या लक्षात येत नाही. मासिक पाळी चालू असताना तलाक देऊ नये; ती संपून शुद्धी येईपर्यंत थांबावं. दिला तर एकच द्यावा. त्यानंतर इद्दत, साधारण तीन पाळ्यांची. त्या काळात नवऱ्याला शब्द मागे घेता येतो, ज्याला आपण रुजू म्हणतो. बेबनाव वाढला तर दोन पंच, एक त्याच्या घरचा, एक तिच्या घरचा. बायकोजवळ न जाण्याची कसम खाल्ली तर चार महिन्यांची मुदत; तेवढ्यात परतावं, नाही तर सोडावं. आणि न्यायाधीशाने रागात असताना दोघांमध्ये निवाडा करू नये, असं हदीस सांगते. मी त्या खुर्चीवर बसलेल्या नवऱ्याचा विचार करते: फिर्यादी तोच, न्यायाधीश तोच, आणि रागातही तोच.

ह्यात सर्वांत दुर्लक्षित आहे ती घराची गोष्ट. इद्दतीत बायकोला घरातून काढू नका, तिनेही जाऊ नये, असं कुरआन पासष्टाव्या अध्यायात सांगतं, आणि कारणही देतं, की अल्लाह ह्यानंतर कदाचित काही नवी वाट काढेल. आमच्याकडे पहिलं काय होतं? रिक्षा बोलावली जाते. भाऊ येतो, बॅग भरली जाते, ती माहेरी. एकदा ती तिथे पोचली, की दोन्ही घरांची माणसं बोलू लागतात आणि नवराबायकोचं बोलणं बंद होतं. मारहाणीची भीती असेल तर तिने तिथे एक क्षणही थांबू नये, हे मी सगळ्यांत आधी सांगते. तशी भीती नसेल, तर जमातीच्या लोकांनी तिच्या वतीने उभं राहून म्हणावं, की हे घर अजून तिचंही आहे. तसं म्हणणारा एखादा वडीलधारा निघतो तेव्हा तंट्याचं रूपच पालटतं.

एका दमातल्या तीन तलाकने हा सगळा वेळ खाऊन टाकला. रुकाना नावाच्या सहाबींची, म्हणजे प्रेषितांच्या एका सोबत्याची, गोष्ट मुस्नद अहमद ह्या हदीससंग्रहात आहे. त्यांनी एकाच बैठकीत तीन तलाक दिले आणि मग त्यांना अतोनात दुःख झालं. प्रेषितांनी विचारलं, एकाच बैठकीत? हो म्हटल्यावर, तो एकच समज आणि हवं तर परत घे, असं सांगितलं. इब्न अब्बास यांच्याकडून सहीह मुस्लिममध्ये नोंद आहे, की प्रेषितांच्या, अबू बक्र यांच्या आणि उमर यांच्या सुरुवातीच्या दोन वर्षांच्या काळात असे तीन एकच मोजले जात. लोक घाई करू लागले म्हणून उमर यांनी ते तीन म्हणून लागू केले. चारही सुन्नी मजहबांच्या बहुसंख्य पंडितांनी ह्या नोंदीचा वेगळा अर्थ लावून तीन हे तीनच धरले, आणि त्यांच्या विद्वत्तेपुढे मी कोणी नाही. पण पुरुषांच्या घाईला चाप लावायला केलेल्या कडक उपायाचा भार शेवटी कोणाच्या डोक्यावर आला, हे तर दिसतंच. त्यातून हलालासारखी गोष्ट जन्मते: पहिल्या नवऱ्याकडे परतता यावं म्हणून मध्ये दुसऱ्याशी निकाह. ठरवून असा निकाह करणाऱ्यावर आणि करवून घेणाऱ्यावर प्रेषितांनी लानत केली आहे. नवऱ्याने एका संध्याकाळी जीभ सैल सोडली, आणि त्याची किंमत बायकोच्या अंगावर वसूल करायची, हे सुचवणाऱ्या माणसाला मी माझ्या दारात उभं करत नाही.

६. सगळ्यांत जास्त शब्द सुटतात ते धमकीचे. 'भावाच्या लग्नाला गेलीस तर तुला तलाक.' 'पुन्हा त्या घराची पायरी चढलीस तर समज संपलं.' बोलणाऱ्याला तलाक नको असतो, तिला अडवायचं असतं. हनफी आणि शाफई दोन्हींकडे स्पष्ट शब्दांत अट घातली आणि ती अट घडली, की तलाक लागू. पंडित इब्न तैमिया यांचं म्हणणं वेगळं होतं. हेतू केवळ अडवण्याचा असेल तर ती कसम आहे, कसमेचा कफ्फारा द्यावा, दहा गरिबांना जेवण किंवा कपडे, नाही तर तीन रोजे. तलाकच्या कसमेवरचं हे मत सोडलं नाही म्हणून 1320 मध्ये त्यांना दमास्कसच्या किल्ल्यात काही महिने कैदेत काढावे लागले. ज्या मतासाठी एक माणूस तुरुंगात गेला, त्याच्या आधाराने आज अनेक देशांतली घरं टिकली आहेत. इजिप्तने 1929 च्या कायद्यात अशी दटावणी तलाक धरायची नाही असं ठरवलं, आणि एकदम दिलेले तीन हे एकच, हेही. माझ्यापुढे मात्र अशा धमकीखाली वर्षानुवर्षं माहेरी न गेलेल्या बायका बसतात. ज्याने अट घातली तो ती कधीच विसरून गेलेला असतो.

७. कायद्याने प्रश्न सुटला, असं मला वाटलं होतं. तो अर्धाच सुटला. आपल्या महाराष्ट्राचा ह्यात मोठा वाटा आहे. समाजसुधारक हमीद दलवाई यांनी 18 एप्रिल 1966 रोजी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला, तोंडी तलाक बंद करा ही त्यातली एक मागणी होती. त्या सात जणींना त्या दिवशी कोणकोणत्या नजरांमधून चालावं लागलं असेल, ह्याचा विचार केला तरी माझा ऊर भरून येतो. 2002 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने दगडू पठाण खटल्यात पूर्णपीठाचा निकाल दिला, की 'मी तलाक दिला' एवढं नवऱ्याने म्हणून भागत नाही. कारण काय होतं, दोन्हीकडच्या पंचांनी समेटाचा प्रयत्न केला का, हे त्याने सिद्ध केलं पाहिजे. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने शमीम आरा खटल्यात तेच तत्त्व सांगितलं. 22 ऑगस्ट 2017 रोजी शायरा बानो खटल्यात तीन विरुद्ध दोन मतांनी एकदम दिलेला तिहेरी तलाक रद्द ठरला, आणि 2019 च्या कायद्याने तो उच्चारणं हा तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा झाला. तोंडी असो, लेखी असो, मोबाइलवर असो.

आता असं होतं. कायदा तिला सांगतो, तू अजून त्याची बायको आहेस. गल्लीतले मौलाना सांगतात, तू त्याला हराम झालीस. ती दोन्ही मानते. वकील तिला तिचे हक्क समजावतो, आणि तिला रात्रीच्या नमाजच्या वेळी स्वतःच्या पापाची भीती वाटते. ही भीती अडाणीपणाची नाही. जिला अल्लाहसमोर उभं राहायचं आहे असं मनापासून वाटतं, तिची ती भीती आहे. अशा वेळी तिला कलम दाखवून उपयोग नसतो. मी रुकानांची हकीकत सांगते, इब्न अब्बासांची नोंद दाखवते, तुझ्याच धर्मातल्या मोठ्या लोकांनी हे एकच धरलं आहे हे सांगते. मग ती श्वास सोडते. कैदेच्या तरतुदीबद्दल माझं मन अजून थाऱ्यावर नाही. धाकामुळे शब्द तोंडातच राहतो, हे मी पाहिलं आहे. तलाक न म्हणता नुसतंच सोडून दिलेल्या बायकाही पाहिल्या आहेत; ना नांदवणं, ना मोकळं करणं. जिहारची ती जुनी अवस्था दुसऱ्या दाराने परत येते आहे.

८. बायकोच्या रागाला आपण गुन्हा समजतो, प्रेषितांच्या घरात तो समजला जात नव्हता. पत्नी हजरत आयेशांना ते म्हणाले होते, की तू माझ्यावर खूश असतेस की रागावलेली, हे मला कळतं. खूश असलीस की कसम खाताना मुहम्मदच्या रबाची खातेस, रागावलीस की इब्राहीमच्या रबाची. आयेशांनी कबूल केलं, आणि सांगितलं की मी सोडते ते फक्त तुमचं नाव. ही हदीस बुखारींच्या संग्रहात आहे. दुसरी एक हकीकतही तिथलीच: पाहुणे बसलेले असताना दुसऱ्या पत्नीकडून आलेलं जेवणाचं भांडं, आयेशांच्या बारीत, रागाने फुटलं. प्रेषितांनी तुकडे आणि जेवण स्वतः गोळा केलं, तुमच्या आईला मत्सर वाटला एवढंच पाहुण्यांना सांगितलं, आणि फुटलेल्याच्या बदल्यात धड भांडं पाठवून दिलं. म्हणजे नुकसान भरून दिलं, पण भर बैठकीत तिचा पाणउतारा केला नाही. मी ह्या दोन गोष्टी समुपदेशनाला येणाऱ्या नवऱ्यांना सांगते. 'ती उलट बोलते' ही तक्रार घेऊन आलेले बरेच जण त्यानंतर काही वेळ गप्प बसतात.

९. 'पडला नाही' म्हणजे काही झालं नाही, असं नव्हे. तुझ्या बापाने काय दिलं, तुझं तोंड बघवत नाही, तू आई व्हायच्या लायकीची नाहीस: ह्यातल्या एकाही वाक्याने निकाह तुटत नाही. म्हणून त्यांचा फतवा कोणी मागत नाही. पण 1939 च्या मुस्लिम विवाह विच्छेद कायद्यात बायकोला घटस्फोट मागण्याची जी कारणं आहेत, त्यांत अंगाला हात न लावताही वागणुकीच्या क्रूरतेने तिचं जगणं असह्य करणं, हेही आहे. हा कायदा परका नव्हता. छळणाऱ्या किंवा बेपत्ता नवऱ्यापासून सुटायला हनफी स्त्रीला वाट सापडेना, म्हणून मौलाना अशरफ अली थानवी यांच्यासारख्या उलेमांनी मालिकी मजहबातल्या वाटा स्वीकारल्या, आणि त्या आधारावर तो उभा राहिला. मालिकी फिक्हमध्ये नवऱ्याच्या शिवीगाळीलाही इजा मानलं आहे. शब्दांची जखम मोजणारं शास्त्र आपल्याकडे आहे. ते तिच्यापर्यंत पोचत नाही, ह्याचं मला सर्वांत जास्त वाईट वाटतं.

१०. ह्या गोष्टी भांडणानंतर बोलण्यापेक्षा निकाहाआधी बोलाव्यात, ह्या मताची मी आता झाले आहे. निकाहनाम्यात अटी घालता येतात. हनफी फिक्हमध्ये नवरा तलाकचा हक्क काही अटींवर बायकोला सोपवू शकतो, त्याला तफवीज म्हणतात. शाफईंकडे ह्याला मर्यादा जास्त आहेत, पण कसं वागायचं ह्याचे करार लिहायला कोणाची ना नाही. विषय काढला की घरची मंडळी बिथरतात. शुभकार्याच्या आधी तलाकचं तोंड कशाला, म्हणतात. तरी काही मुली काढतात. ओळखीच्या एका मुलीने अलीकडेच लिहून घेतलं: रागात असा काही शब्द निघाला तर दोन्ही घरांतलं एकेक माणूस आठवड्याच्या आत बसवायचं, आणि तोवर तिला घर सोडायला लावायचं नाही. काझीसाहेबांनी कागद वाचला आणि म्हणाले, ह्यात नवीन काय आहे, हे तर कुरआनातच आहे. मुलाच्या वडिलांनी शंका काढली: आणि ती रागात काही बोलली तर? मुलगी म्हणाली, तेही लिहा. मग भांडण कोणीही सुरू केलेलं असो, रीत हीच, अशी एक ओळ वाढवली आणि दोघांच्या सह्या झाल्या.